राखीव जागा आणि आपण



‘दोनच मिनिटांचे काम आहे,’ असे म्हणून आपण अपंगांच्या राखीव जागेत गाडी उभी करतो. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांनी ती जागा ३.६ मीटर रुंद सांगितली आहे, ती दार पूर्ण उघडून शेजारी चाकांची खुर्ची लावता यावी म्हणून. आपल्या दोन मिनिटांपायी कोणाला तरी आल्या पावली परतावे लागते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यांत थॅलेसेमियाही आहे. तेव्हा पायी उतरणाऱ्यावर संशय घेऊ नका. तान्हे मूल कडेवर असलेल्या मातेलाही जवळची जागा द्या. मात्र अपंगांच्या वाट्याची नव्हे, आपल्या वाट्याची.

मुले आपला उपदेश विसरतात; आपण गाडी कोठे लावली, ते विसरत नाहीत.