पावसाळ्याचा रेडिओ
(मंडळाच्या वर्धापनदिनी गागोदे बुद्रुक येथे झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी "रेडिओ" एवढेच सांगितले. त्यांना वाटले, मी जुन्या गाण्यांविषयी बोलणार. गाणी मलाही आवडतात. पण आज मृग नक्षत्र अवघे पंधरा दिवसांवर आले आहे, आणि घरात एक चांगला, हातात उचलून नेता येण्याजोगा रेडिओ असावा, तो कसा पारखून घ्यावा, हे बोलण्याची हीच वेळ आहे.

"घरोघरी मोबाईल असताना रेडिओ कशाला?" हा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळजणींच्या ओठांवर असेल. त्याला उत्तर म्हणून मी ३ जून २०२० या दिवसाची आठवण देते. 'निसर्ग' वादळाचे इशारे त्याआधी दोन-तीन दिवसांपासून येत होते. इशारा वेळेवर मिळाला म्हणूनच किनाऱ्यावरची हजारो माणसे सुरक्षित जागी हलविता आली, हे हवामान खात्याचे श्रेय आपण मोकळ्या मनाने दिले पाहिजे. त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस वादळ जमिनीवर आले. वारा ताशी शंभर-एकशेदहा किलोमीटरचा, आणि मध्येच येणारे झोत त्याहून जोराचे. कौले उडाली, पत्रे उडाले, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. पण मला सांगायचे आहे ते त्यानंतरचे. वारा ओसरला तेव्हा विजेचे खांब पडलेले होते आणि मोबाईलचे मनोरे मुके झाले होते. श्रीवर्धन-म्हसळ्याकडील कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज आली नाही. त्यात कोरोनाची टाळेबंदी. मुंबईला असलेला मुलगा सुखरूप आहे की नाही, पुन्हा वारा सुटणार आहे का, रस्ता कोणता उघडला, यातले काहीएक कळेना.

मोबाईलचा मनोरा हा शेवटी विजेवर चालणारा खांबच आहे. वीज गेली की तो काही तास बॅटरीवर तग धरतो, मग जनित्रावर. आणि डिझेल पोहोचविणारी गाडी पडलेल्या झाडामागे अडकली की तोही थांबतो. २०२३ साली सरकारने आपल्या सर्वांच्या मोबाईलवर एकदम भोंगा वाजवून इशाऱ्याची चाचणी केली, ती आठवत असेल. ती सोय उत्तम आहे. पण तिलाही मनोरा जिवंत लागतो आणि फोन भरलेला लागतो. रेडिओचे तसे नाही. त्याचे प्रक्षेपण केंद्र आपल्यापासून लांब, वादळाच्या तडाख्याबाहेर असू शकते, आणि आपल्या हातातल्या डब्याला दोन सेल पुरतात. म्हणून संकट येण्याआधीची बातमी मोबाईलवर ऐकावी; आल्यानंतरची ऐकायला रेडिओ हाताशी असावा.

आता खरेदीकडे वळू. हल्ली 'आणीबाणीचा हवामान रेडिओ' या नावाने पुष्कळ सेट विकायला असतात. त्यांवर हवामानाचे वेगळे बटण असते, आणि किंमतही त्या बटणाची लावलेली असते. हे बटण अमेरिकेसाठी आहे. तिकडे सरकारची हवामानाची स्वतंत्र प्रक्षेपणे सात ठरावीक लहरींवर, १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ यांच्या दरम्यान, अहोरात्र चालू असतात. गप्प बसलेला सेट इशारा येताच आपोआप ओरडून उठतो. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत, त्यांनी तो स्वयंपाकघरात पाहिलाही असेल. आपल्याकडे अशी प्रक्षेपणेच नाहीत. ते बटण इथे दाबले तर खरखर ऐकू येईल, दुसरे काही नाही. तेव्हा पाहुण्याने तिकडून असा सेट आणलाच तर आनंदाने ठेवावा, परंतु त्या बटणासाठी पदरचा पैसा घालू नये. आपला हवामानाचा रेडिओ म्हणजे आकाशवाणीचे बातमीपत्र नीट पकडणारा साधा सेट.

"नीट पकडणारा" या शब्दांत सगळी मेख आहे. मध्यम लहरी जमिनीला धरून दूरवर जातात, डोंगराला वळसा घालूनही पोहोचतात. एफ एमचे तसे नाही. ती जवळजवळ नजरेच्या रेषेत चालते, मध्ये डोंगर आला की अडते. आपण डोंगराच्या कुशीतली माणसे. पेणच्या बाजारात खणखणीत वाजणारे एफ एम इथल्या माजघरात घोगरे होईल, आणि वाडीवर वर चढून गेले तर कदाचित पुन्हा स्वच्छ लागेल. म्हणून सेटला दोन्ही पट्टे असावेत. मुंबई आकाशवाणीची अस्मिता वाहिनी मध्यम लहरींवर ५५८ किलोहर्ट्झला आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो. एफ एमवर मुंबईची १००.७ आणि १०७.१ ही केंद्रे आहेत. अलीकडे देशातली मध्यम लहरींची बरीच जुनी केंद्रे बंद होऊन कारभार एफ एमकडे गेला आहे. तेव्हा दर साली मे महिन्यात एकदा काटा सावकाश फिरवून आपल्या घरात काय लागते ते पाहावे आणि त्या जागी नखाला लावायच्या रंगाचा ठिपका द्यावा. अंधारात, पाऊस कोसळत असताना, म्हाताऱ्या सासूबाईंनाही तो सापडला पाहिजे.

दुकानदाराला सांगावे, "न लागल्यास परत करीन," आणि सेट घरी आणून ऐकावा. दुकानातली परीक्षा काही कामाची नाही. घरातही जागा पाहावी लागते. मध्यम लहरींची तार सेटच्या पोटात एका काळ्या कांडीवर गुंडाळलेली असते, म्हणून त्या पट्ट्यावर वरची दांडी ओढून उपयोग नाही, सगळा सेटच फिरवावा लागतो. चाक फिरविल्यासारखा तो हळूहळू वळवा, एका बाजूला आवाज उजळेल. दांडी लागते ती एफ एमला. पत्र्याच्या घरात लहरी अडतात, तेव्हा खिडकीशी किंवा ओटीवर जावे. एलईडीचे दिवे, मोबाईलचे चार्जर आणि इन्व्हर्टर हे मध्यम लहरींचे वैरी; त्यांच्याजवळ सेट ठेवला तर नुसता घोंघाट येतो. वीज गेल्यावर रेडिओ पूर्वीपेक्षा चांगला लागतो असे आपल्याकडे म्हणतात, त्यात भोळेपणा नाही.

या खरखरीचा एक उपयोगही आहे, आणि लावणीला जाणाऱ्या बायांनी तो जरूर शिकावा. आकाशात वीज कडाडली की मध्यम लहरींवर 'कर्र' असा तुटक आवाज येतो. ढग लांब असला, गडगडाट अजून कानी आला नसला, तरी येतो. बांधावर ठेवलेल्या सेटमधली ही कर्रकर्र दाट होऊ लागली, तर ढग जवळ येत आहे असे समजून खाचरातून बाहेर पडावे, झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावे. प्रत्यक्ष गडगडाट ऐकू आल्यावर मात्र रेडिओला विचारीत बसू नये. घरात सेटला बाहेरची तार जोडलेली असेल तर अशा वेळी ती काढून टाकावी. विजेची आगाऊ सूचना देणारे 'दामिनी' नावाचे मोबाईलवरचे साधन पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केले आहे, तेही चांगले. पण डोंगराच्या पोटात रेंज नसली की ते गप्प.

आता सेटच्या पोटाचा, म्हणजे शक्तीचा प्रश्न. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण फसगत इथेच होते. काही सेटांना हँडल असते, ते फिरविले की आतली लहानशी बॅटरी भरते. विनोबांच्या जन्मगावात चाक फिरवायचा कंटाळा कोणी करणार नाही, हे मी जाणते! मिनिटभर फिरविले तर काही मिनिटे ऐकता येते. बातम्यांपुरते ते पुरेसे आहे. मात्र ही आतली बॅटरी वर्ष-वर्ष पडून राहिली की मरते, आणि मग हँडल कितीही फिरवा, सेट सोडला की आवाज बंद. पाठीवर सूर्याची पट्टी असलेले सेटही मिळतात. पट्टी तळहाताएवढीसुद्धा नसते. मे महिन्यात तिला दिवसभराचे ऊन लागते, आणि रेडिओची गरज पडते आषाढात! हँडलने मोबाईल भरता येतो असेही लिहिलेले असते. भरतो, पण एका फोनसाठी दोन बायांचे हात दुखतील.

म्हणून माझी पसंती सेलवर चालणाऱ्या सेटला. वर हँडल असले तर बरे. सेल कोणते, तर आपल्या वाण्याकडे मिळतात ते. भिंतीवरच्या घड्याळाचा पेन्सिल सेल कोणत्याही टपरीवर मिळतो, टॉर्चचा जाड सेल जास्त दिवस टिकतो. ज्या सेटला निराळ्याच आकाराची, तालुक्यालाही न मिळणारी बॅटरी लागते, तो कितीही देखणा असो, परत ठेवावा. आवाज जितका मोठा तितके सेल लवकर संपतात. कानाला लावून हळू ऐकले तर एक जोड पुष्कळ दिवस पुरते. पावसाळा सरला की सेल काढून ठेवावेत, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी चढते. नव्या सेलांचे दोन जोड घट्ट झाकणाच्या डब्यात, काडेपेटीशेजारी ठेवावेत. मुलांच्या खेळण्यासाठी ते कोणी काढले तर त्याला रागवायचा अधिकार घरातल्या प्रत्येकीला असावा.

बाकीच्या गोष्टी किरकोळ आहेत. अंगचा दिवा असला तर उपयोगी. काट्याचा सेट मला आकड्यांच्या सेटपेक्षा बरा वाटतो, कारण काही आकडी सेट सेल काढताच आपली केंद्रे विसरतात. पाणी न शिरणारा महागडा सेट घेण्यापेक्षा साधा सेट जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे; प्लास्टिकमधून लहरी आणि आवाज दोन्ही येतात. पत्र्याच्या किंवा स्टीलच्या डब्यातून लहरी येत नाहीत, तेव्हा शेतावर नेताना डबा नको.

ऐकलेले समजले मात्र पाहिजे. हवामान खात्याचे रंग आता मुलांनाही पाठ आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पावसाचे आकडे मिलिमीटरमध्ये सांगतात. ते इंचात करून ध्यानात ठेवावे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटर, म्हणजे अडीच इंच, इथून मुसळधार सुरू होते, साडेचार इंचांपुढे अति मुसळधार, आणि २०४.४ च्या वर, म्हणजे आठ इंचांहून अधिक, ती सर्वांत वरची पायरी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे सदतीस इंच! वादळाच्या वेळी आणखी एक लक्षात ठेवावे. वादळाचा मध्य डोक्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो, ऊनसुद्धा दिसते, आणि मग उलट्या दिशेने पुन्हा सुटतो. संपले असे समजून माणसे पत्रे सावरायला छपरावर चढतात. वादळ पुढे सरकल्याचे रेडिओवर ऐकल्याशिवाय कोणालाही बाहेर सोडू नये.

पण रेडिओकडून नसती अपेक्षाही नको. तो "रायगड जिल्ह्यात" म्हणेल. तुमच्या आळीचे, तुमच्या वाडीचे नाव घेणार नाही. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी झोपेत गाडली गेली. दरड कुठल्या घरावर येणार हे कोणताही रेडिओ सांगत नाही. लाल इशारा ऐकल्यावर ज्यांची घरे उताराखाली आहेत त्यांनी रात्र शाळेत काढायची की नाही, हे ज्याचे त्याने, आणि खरे म्हणजे सगळ्यांनी मिळून, दिवसाउजेडी ठरवायचे असते. नवे भेगाळलेले डोंगर, गढूळ झालेले झरे, कललेली झाडे दिसली तर इशाऱ्याचीही वाट पाहू नये.

मिळून ऐकण्याची रीत आपल्याला नवी नाही. १९५६ साली युनेस्कोच्या साह्याने आकाशवाणीने पुण्याच्या आसपासच्या जिल्ह्यांतील दीडशे खेड्यांत एक प्रयोग केला होता. गावकरी मंडळाने ठरल्या वेळी एकत्र बसायचे, कार्यक्रम ऐकायचा, आणि मग त्यावर चर्चा करून आपल्या गावात काय करायचे ते ठरवायचे. जगभर त्याचा अभ्यास झाला. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ऐकल्यावर निर्णय घेण्याची.

माझी मंडळाला सूचना एवढीच आहे. प्रत्येक घरी सेट होईल तेव्हा होवो. यंदा प्रत्येक आळीत एक आणि वरच्या ठाकूरवाडी-कातकरवाडीसाठी एकेक, असे सेट मंडळाच्या भिशीतून घ्यावेत. प्रत्येक सेटमागे दोन बाया नेमाव्यात, एकीला ताप आला तर दुसरी. इशारा असेल त्या दिवशी सकाळ-संध्याकाळच्या बातम्या त्यांनी ऐकायच्या आणि ज्या घरी एकटी म्हातारी माणसे आहेत, बाळंतीण आहे, तिथे आधी जाऊन सांगायचे. ज्यांना वाचता येत नाही त्याही हे काम करू शकतात. काट्यावरचा ठिपका वाचायला अक्षर लागत नाही. नेमणुका आजच्या सभेतच झाल्या तर बरे, नाहीतर लावणी सुरू झाल्यावर कोणाला सवड सापडणार?

माझा सेट मी बरोबर आणला आहे, बाहेर पडवीत ठेवला आहे. ज्यांना काटा फिरवून पाहायचा असेल त्यांनी चहा झाल्यावर यावे. सेल नवे घातले आहेत.