भाजल्यावाचून मडके पक्के होत नाही



कयाधूच्या काठावरील नरसी हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून वंदनीय आहे. याच हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ येथे नामदेवांना विसोबा खेचरांचा अनुग्रह लाभला, असे परंपरा सांगते. त्यामागील कथा सर्वश्रुत आहे. संतमेळाव्यात गोरोबाकाकांनी थापटण्याने प्रत्येकाचे मस्तक पारखले. नामदेव तेवढे रागावले आणि ‘हे मडके कच्चे’ असा निर्णय झाला. नामदेव दुखावले, उठून निघून गेले. पण शेवटी विसोबांच्या चरणी आले. आपले कच्चेपण त्यांनी मान्य केले. विश्वासघाताने तडा गेलेला संसार सावरू पाहणाऱ्यांना या कथेत मोठा आधार आहे.

पती असो वा पत्नी, एकाचे पाऊल घसरले की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम अब्रूचा विचार करतात. ‘झाले गेले विसरून जा’ असे सांगून दार लावून घेतले जाते. वरवर शांतता नांदते. पण जोडीदाराला घरी यायला उशीर झाला, की दुखावलेल्या जिवाचा थरकाप होतो. दाबलेली जखम भरत नाही, ती आत चिघळते.

त्यातही ज्याचे बालपण होरपळलेले असते, त्याची वेदना दुहेरी असते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, १३ राज्यांतील १२,४४७ मुलांच्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता अनुभव सांगितला होता. आपलीच माणसे घात करतात, हा धडा ज्या बालकाला मिळाला, त्याने मोठेपणी मोठ्या धैर्याने एका माणसावर विश्वास टाकलेला असतो. तोच मोडला तर जुनी जखमही उघडी पडते. अशा व्यक्तीला ‘संशयी स्वभावाची’ म्हणून हिणवणे हा दुसरा अन्याय होय.

मग विश्वास परत येतो कसा? चुकलेल्याने प्रथम पूर्ण सत्य सांगावे, ते संबंध तोडावेत आणि क्षमेसाठी मुदत घालू नये. तोच प्रश्न दहा वेळा विचारला गेला, तर दहा वेळा न चिडता उत्तर द्यावे. थापटणे सोसणे ते हेच! दुखावलेल्याने आपले दुःख मोकळेपणाने बोलावे. मात्र मुलांना साक्षीदार करू नये. बालपणाची जखम खोल असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. २०२२ पासून सुरू असलेल्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

वडीलधाऱ्यांनी न्यायाधीश होण्याऐवजी श्रोते व्हावे. नामदेवांच्या पत्नी राजाई यांच्या नावे संसाराची गाऱ्हाणी मांडणारे अभंग आहेत. एवढ्या थोर संताच्या घरातील ते गाऱ्हाणे परंपरेने पुसून टाकले नाही, जपले. गंगाखेडची जनाबाई लहानपणीच आईबापांपासून दुरावून याच घरी आली आणि याच घरात संतपदाला पोहोचली. दुखावलेल्याला बोलू देणारे व पोरक्याला सामावून घेणारे घर, हाच आपल्या कुटुंबव्यवस्थेचा खरा आदर्श आहे.

कायद्यालाही मर्यादा आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ न्यायालयावर समेटाच्या प्रयत्नाचे कर्तव्य सोपवते. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेचे कलम ४९७ रद्द केले. तेव्हापासून व्यभिचार हा फौजदारी गुन्हा नाही, घटस्फोटाचे कारण मात्र आहे. न्यायालय विवाह मोडू शकेल किंवा टिकवण्याचा सल्ला देऊ शकेल. विश्वास निर्माण करणे त्याच्या हाती नाही. ते काम घराचेच आहे.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. जेथे मारहाण आहे, जेथे पश्चात्तापाचा लवलेश नाही, तेथे समेटाचा आग्रह धरणे हा संस्कार नव्हे. पीडित स्त्रीसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे आणि तिच्या पाठीशी उभे राहणे हा समाजाचा धर्म आहे.

सप्तपदीतील सातवे पाऊल सख्याचे असते. ते एकदा चुकले, तर पुन्हा टाकता येते. पण ते सत्याच्या जमिनीवरच टाकावे लागते. कच्चे मडके फेकून द्यायचे नसते, आणि रंग देऊन पक्के भासवायचेही नसते. ते आव्यात भाजावे लागते. धग सोसण्याची तयारी चुकलेल्याने दाखवावी, आणि तोवर धीर धरण्याचे बळ घराने दुखावलेल्याला द्यावे.