पापणीवरची गाठ आणि डबीतला चुना

आजचा विषय डोळ्याभोवती येणाऱ्या गाठींचा. तो सांगताना आम्हांला थोडी लाजही वाटते, कारण यात चूक आमचीच झाली होती.

आमच्या गटातल्या एका मावशींच्या वरच्या पापणीवर मिरीएवढी चामखीळ होती. दुखत नव्हती. पण मावशी म्हणायच्या, "बोलणाऱ्याची नजर आधी तिच्यावरच जाते." एका बैठकीत कुणीतरी सुचवलं, चुना आणि धुण्याचा सोडा लावला की चामखीळ गळून पडते. मानेवरची पडलेली आमच्यातल्या दोघींनी पाहिली होती. तंबाखूच्या डबीतला चुना काडीवर घेऊन लावलासुद्धा. आम्ही सगळ्या तिथंच होतो, नको कुणीच म्हटलं नाही. मावशींनी डोळा मिटला, उघडला, आणि चुना आत गेला.

चुना नुसता वरवर भाजत नाही, तो डोळ्यात खोल शिरत जातो. नशीब, आशाताई शेजारीच राहतात. त्यांनी पापणी उघडी धरून अर्धा तास स्वच्छ पाणी सोडलं, मगच गाडी काढू दिली. त्या पाण्यानंच नजर वाचली, असं दवाखान्यात सांगितलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मग आम्हांला बसवून समजावलं. पापणीच्या कडेला केसाच्या मुळाशी लाल, ठणकणारी पुळी येते ती रांजणवाडी. ती जंतूंमुळे होते. पापणीच्या आत वाटाण्यासारखी, न दुखणारी गाठ लागते ती वेगळी. पापणीत तेल पाझरणाऱ्या बारीक ग्रंथी असतात, त्यांतल्या एकीचं तोंड बुजलं की तेल आत साचून गाठ होते. दोन्हींवर पहिला उपाय शेकच. स्वच्छ कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, मिटल्या डोळ्यावर 5 ते 10 मिनिटं धरायचं, दिवसातून 3-4 वेळा. मध्येच सोडायचं नाही, काही आठवडे लागतात. दाबून फोडायचं तर मुळीच नाही. गाठ जिरली नाही, तर डॉक्टर जागा बधिर करून बहुधा पापणीच्या आतल्या बाजूनं बारीक चीर देतात आणि साचलेलं काढतात. आतून चीर असल्यानं चेहऱ्यावर वण दिसत नाही. हे लग्नाच्या मुलींच्या आयांनी मुद्दाम ऐकावं, कारण त्याच भीतीनं मुलींना घरी बसवलं जातं.

नाकाकडच्या कोपऱ्यात पिवळसर, चपटे चट्टे येतात, त्यांनी डोळ्याला अपाय होत नाही. पण ते असणाऱ्या बऱ्याच जणांच्या रक्तात चरबी वाढलेली सापडते. म्हणून चट्टा काढण्याआधी रक्त तपासून घ्यायचं. काढला तरी तो पुन्हा येऊ शकतो.

लहान मुलाच्या पापणीवर मोठी गाठ असेल तर थांबू नका. बुबुळावर दाब पडून किंवा पापणी खाली येऊन त्या डोळ्याची नजर मंद राहू शकते.

या बहुतेक गाठी साध्या असतात. पण गाठ काढल्यावर त्याच जागी पुन्हा आली, तिथले पापणीचे केस गळू लागले, रक्त आलं, जखम भरेना, तर ताबडतोब दाखवायचं. पापणीचा कर्करोग कधी कधी अशाच साध्या गाठीचं सोंग घेऊन येतो, विशेषतः उतारवयात. काढलेला तुकडा तपासायला पाठवणार का, हे विचारायला संकोच करू नका. ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी असतात, जिल्हा रुग्णालयात डोळ्यांचा विभाग असतो. आधी आशाताईंना विचारा, कोणत्या वारी जायचं ते त्या सांगतील.

मावशींची चामखीळ डोळा बरा झाल्यावर निघाली. टोचलं तेवढंच दुखलं, म्हणाल्या. जाण्यायेण्याचा खर्च गटानं केला, तेवढं तर आमच्याकडे लागतच होतं. ही गोष्ट रेडिओवर सांगू का, असं विचारलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "सांगा की. पण चुना कुणी लावला तिचं नाव घेऊ नका." नाही घेत आम्ही.