शिक्षा संपलेला कैदी
(चौक इथल्या युवक मेळाव्यातल्या भाषणाचा मजकूर)



भाईंदरला उतरून मी एकाला विचारलं, चौकला कसं जायचं? तो म्हणाला, कुठला चौक? त्याच्या लेखी चौक म्हणजे नाका. इथे गाव आहे, होड्या आहेत, बांबूंवर बोंबील वाळतायत, समोर खाडीपल्याड वसई दिसते, हे भाईंदर स्टेशनावरच्या माणसाला ठाऊक नाही. मलाही नव्हतं. खोटं कशाला बोलू?

वरच्या धारावी किल्ल्याचं नाव निघालं की 1737 ते 1739 च्या वसई मोहिमेच्या गोष्टी सुरू होतात. पेशवाईची आरती ओवाळायला मी आलेलो नाही. ज्या राज्यात आमच्या माणसाच्या गळ्यात मडकं होतं त्या राज्याचे विजय आम्ही मोजत बसत नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे. मे 1739 मध्ये वसई पडली, तह झाला. हरलेल्या पोर्तुगीज शिबंदीला बायकापोरं, सामानसुमान, हत्यारं घेऊन निघून जायला आठवडाभराची मुदत मिळाली आणि ते गेले. महिनोन् महिने लढलेले, समोरची माणसं मारलेले हे शत्रू. त्यांना एक आठवडा. हा आकडा डोक्यात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आता इथून शंभरेक किलोमीटर उत्तरेला चला. डहाणू, तलासरी. 1945 साली वारली उठला तो मुलूख. त्याआधी तिथे लग्नगडी होता. लग्नाला सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने जन्मभर त्याच्याकडे राबायचं. कागदावर ते संपलं. आज तिथल्या पाड्यावरचा पोरगा पावसाळा सरता सरता ओखा, पोरबंदर, वेरावळकडे जातो. जाण्याआधी उचल घेतो. उचल घरात खर्च होते. कुणाचं दवाखान्याचं बिल, कुणाचं लग्न, कुणाच्या छपराचे पत्रे. मग आठ-नऊ महिने दुसऱ्याच्या ट्रॉलरवर. बोट त्याची नाही, जाळं त्याचं नाही, मासा त्याचा नाही. बोट कुठे न्यायची हे तांडेल ठरवतो, आणि तांडेलाला शेठचा फोन येतो. खलाशी जाळं ओढतो. समुद्रावर रेघ आखलेली नसते. सर खाडीचा वाद दोन्ही सरकारांनी अजून मिटवलेला नाही. जी हद्द दिल्ली-इस्लामाबादला ठरवता येत नाही ती या पोराने अंधारात, भरतीच्या पाण्यात ओळखायची!

पाकिस्तानची गस्ती बोट येते. बोट जप्त, माणसं कराचीत. तिथून मलीरचा तुरुंग. 6 नोव्हेंबर 2021 ला तर गोळ्याच झाडल्या. ओख्याहून निघालेल्या ‘जलपरी’वर पालघर जिल्ह्यातला एक खलाशी जागीच मेला. त्याच्या हातात दोरखंड असेल, बंदूक नव्हती.

पकडल्यावर खटला होतो, काही महिन्यांची शिक्षा होते, ती भोगून संपते. इथून खरी गोष्ट सुरू होते मित्रांनो. शिक्षा संपते आणि माणूस आतच राहतो.

का? तर तो भारतीय आहे हे सिद्ध व्हायचं असतं. वकिलातीचा माणूस भेटायला जायचा असतो. मग कागद दिल्लीला, दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून पोलीस ठाण्याला आणि तिथून एक शिपाई पाड्यावर. रेशनकार्डावर नाव एक, आधारवर दुसरं, कराचीच्या रजिस्टरात तिसरंच. दोन्ही देशांनी 21 मे 2008 ला करार केलाय. त्यात लिहिलंय की अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीची भेट, आणि नागरिकत्व पक्कं होऊन शिक्षा संपली की एका महिन्यात घरी. लिहायला काय जातं! 2007 साली दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली, ते तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटायचे. 2013 नंतर तिची बैठक नाही.

दर 1 जानेवारी आणि 1 जुलैला याद्यांची देवघेव मात्र चुकत नाही. 1 जुलै 2025 ची यादी सांगतो. पाकिस्तानात आपले 193 मच्छीमार आणि 53 इतर कैदी. शिक्षा संपलेल्या 159 जणांना सोडा असं आपल्याच सरकारने त्या दिवशी म्हटलं. म्हणजे 159 माणसं कुठल्याही कायद्याने कैदी नाहीत, तरी कैदेत आहेत.

आधी सांगितलेला तो आठवडा आठवला?

काही जण म्हणतील, दोन देशांत वैर आहे, युद्धासारखी स्थिती आहे, असं होणारच. मी म्हणतो, युद्धाचा तरी कायदा पाळा! 1907 साली हेगला राष्ट्रांनी ठरवलं की युद्ध चालू असतानासुद्धा किनाऱ्यावरच्या मासेमारीच्या छोट्या होड्या पकडायच्या नाहीत. 1982 चा समुद्र कायदा दोन्ही देशांनी मान्य केलाय. 12 सागरी मैलांच्या बाहेर 200 मैलांपर्यंतच्या पट्ट्यात मासेमारीच्या गुन्ह्याला तुरुंगवास नाही, दोन देशांनी वेगळं ठरवलं नसेल तर, असं त्यात आहे. युद्धात ज्याला हात लावायचा नाही त्याला हे शांततेत डांबतात. आणि राग आला की जास्त डांबतात, खूश झाले की ईदला, दिवाळीला वीस-पंचवीस सोडतात. फेब्रुवारी 2025 मध्ये 22 सुटले. एप्रिलमध्ये पहलगाम झालं, अटारीचा दरवाजा बंद झाला, मे महिन्यात क्षेपणास्त्रं उडाली. जूनमध्ये कराचीला भूकंपाचे धक्के बसले आणि त्याच मलीर तुरुंगातून दोनशेच्या वर कैदी पळाले. त्या रात्री इथे तलासरीत कुणाकुणाला झोप लागली नसेल, हे कुठल्या चॅनेलने दाखवलं? 26 नोव्हेंबर 2008 चंच बघा. मारेकऱ्यांनी आधी ‘कुबेर’ बोट पळवली, तिच्यावरचे खलाशी मारले, मग मुंबई. ताजच्या मेणबत्त्यांमध्ये त्या खलाशांची मेणबत्ती किती जणांनी लावली? तुम्हा कोळ्यांच्या वाट्याला मात्र बोटांचे ठसे आणि ओळखपत्रं आली.

आता जे बोलणार आहे ते काहींना आवडणार नाही. मागे एका सभेत हे बोललो तर दोघं उठून गेले.

त्याच 1 जुलैच्या यादीत दुसरा रकाना आहे. आपल्या तुरुंगात त्यांचे 81 मच्छीमार. कराचीच्या इब्राहिम हैदरीसारख्या कोळीवाड्यांतले, सिंधच्या किनाऱ्यावरचे. तेही जाळं ओढणारेच. त्यांचीही कुणीतरी बाई दारात उभी आहे. बाबासाहेबांच्या घटनेचं कलम 21 उघडा. जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कुणाला? तिथे नागरिक हा शब्द नाही, व्यक्ती आहे. शब्द चुकून पडलेला नाही. कलम 19 मध्ये नागरिक लिहिलंय, 21 मध्ये व्यक्ती. ज्याला गावाने माणसातच धरलं नाही त्या माणसाला या दोन शब्दांतला फरक कळतो. आपण रोज घटना डोक्यावर घेऊन नाचतो आणि पाकिस्तानी खलाशाचं नाव काढलं की आपलं तोंड शिवलं जातं. हा दुटप्पीपणा आपला आहे, ब्राह्मणांवर ढकलू नका.

1951 ला बाबासाहेबांनी मंत्रिमंडळ सोडलं तेव्हाचं निवेदन काढून वाचा. साडेतीनशे कोटींच्या उत्पन्नातले एकशेऐंशी कोटी लष्करावर जातात, हे तेव्हा त्यांनी हिशेब मांडून सांगितलं. आज तेच कुणी बोललं तर त्याला देशद्रोही म्हणायला शंभर पोरं मोबाईल घेऊन बसलेली आहेत. त्यातली दहा आपल्याच वस्तीतली.

डहाणूजवळच्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. एक बाई भेटली, तिचा नवरा दोन वर्षं आत. तिने तुरुंगाचं विचारलं नाही. म्हणाली, भाऊ, शेठ म्हणतो उचल अजून फिटली नाही, ती मोठ्या पोराने फेडायची का? पोरगा सोळा वर्षांचा. शेजारीच उभा होता, आमच्याकडे बघत नव्हता. मी म्हटलं, बाई, एक पैसा देऊ नकोस. ती हसली. मी पाड्यावरून संध्याकाळी परत जाणार होतो, शेठ उद्याही येणार होता. ते हसणं मला अजून पचलेलं नाही.

म्हणून पुढच्या रविवारी परत जायचंय. अर्ज लिहायचे आहेत. एक मंत्रालयाला, एक परराष्ट्र खात्याला, आणि कार्डावरच्या नावांच्या चुका दुरुस्त करून घ्यायच्या आहेत. सकाळी विरारला जमायचं, तिथून डहाणूची गाडी. ज्याचं अक्षर वाचता येतं त्याने यावं. चौकच्या दोघा खलाशांनी येतो म्हटलंय, समुद्रावरचं त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. डबा आपापला आणा, पाड्यावर कुणाला चूल पेटवायला लावू नका.