खेळणारें मूल आणि खेळ घडविणारें मूल
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



गत पंचवीस वर्षांतील कृपादानांबद्दल परमेश्वराचे आभार मानणें हें आज आपलें पहिलें कर्तव्य होय. परंतु पुढील पंचवीस वर्षें ज्यांच्या हातीं जावयाचीं, त्या मुलांविषयीं दोन शब्द बोलण्याची मी आपली अनुज्ञा मागतों.

आज मुलांच्या हातांत मोबाईल आहे व मोबाईलमध्यें व्हिडिओ गेम आहे. दसरा सरतांच आपल्या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबें ऊसतोडणीस परगांवीं जातात. मागें आजीआजोबांजवळ राहिलेल्या मुलांचा तर तोच सोबती होऊन बसतो. मातापिते विचारतात, "फादर, हा खेळ बंद करावा काय?" माझें उत्तर असें कीं, नुसत्या बंदीनें कार्य होणार नाहीं. मुलांना खेळ खेळण्याकडून खेळ घडविण्याकडे न्यावें.

संत डॉन बॉस्को (१८१५–१८८८) हे बालपणीं दोरीवर चालून व हातचलाखी करून सवंगड्यांना जमवीत आणि मग त्यांच्याकडून प्रार्थना म्हणवून घेत. खेळाच्या वाटेनें शिकवण देतां येते, हें त्यांनीं दाखवून दिलें.

त्याच वाटेचें एक आधुनिक साधन म्हणजे 'स्क्रॅच'. अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेंत मिचेल रेझनिक यांच्या गटानें तें २००७ सालीं सर्वांसाठीं खुलें केलें. तें विनामूल्य आहे व संगणकावर एकदां उतरवून घेतल्यास इंटरनेटवांचूनही चालतें. त्यांत आज्ञा रंगीत ठोकळ्यांवर लिहिलेल्या असतात. ठोकळ्याखालीं ठोकळा जोडीत गेलें कीं प्रोग्रॅम तयार होतो.

समजा, एखाद्या मुलीनें आपल्या उस्मानाबादी शेळीचा खेळ मांडला. कळ दाबतांच शेळीनें दहा पावलें पुढें जावें. पाल्यास तोंड लागलें कीं एक गुण मिळावा. कुंपणास लागली तर खेळ संपावा. पण पहिल्याच प्रयत्नांत शेळी कुंपणांतून आरपार जाते! कारण संगणक मुलीच्या मनांतील हेतु जाणत नाहीं, तिनें दिलेली आज्ञा तेवढी पाळतो. कुंपण लागलें काय, हें तिनें आरंभीं एकदांच पाहावयास सांगितलेलें असतें. तीच आज्ञा 'सतत करीत राहा' या ठोकळ्याच्या आंत घातली कीं शेळी कुंपणाशीं थांबते. येथें दोष द्यावयास दुसरा कोणी नाहीं. आपली चूक आपण शोधावी, सुधारावी आणि पुन्हां करून पाहावें, ही संवय तिला लागते. पापनिवेदनापूर्वीं विवेकाची तपासणी करणाऱ्या आपणां सर्वांस या संवयीचें मोल सांगावयास नको.

संत कार्लो आकुतिस (१९९१–२००६) यांनाही व्हिडिओ गेम आवडत. मात्र आठवड्यांतून एकच तास खेळावयाचें, असें बंधन त्यांनीं स्वतःस घालून घेतलें होतें. प्रोग्रॅमिंग ते स्वतःच्या अभ्यासानें शिकले व त्या विद्येनें परमपवित्र साक्रामेंतासंबंधीच्या चमत्कारांची माहिती त्यांनीं जगापुढें मांडली. ७ सप्टेंबर २०२५ रोजीं पोप लिओ चौदावे यांनीं त्यांना संतपद दिलें.

म्हणून माझी विनंति अशी: महोत्सवाची स्मृति म्हणून कमान उभारण्यापेक्षां सभागृहांत दोन संगणक ठेवूं या. रविवारच्या मिस्सानंतर शिकलेल्या तरुणतरुणींनीं मुलांस दोन तास द्यावेत. एका संगणकाशीं दोघांना बसवावें, म्हणजे एकमेकांस समजावून सांगणेंही घडेल. दार मात्र सर्व धर्मांच्या मुलांस मोकळें असावें, आणि ऊसतोडणीस गेलेल्यांच्या मुलांस पहिली जागा असावी.

परमेश्वर आपल्या मुलांच्या बुद्धीस व हातांस आशीर्वाद देवो. आमेन.