गतिरोधक मागण्यापूर्वी
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



आपल्या गावातलं नेहमीचं निवेदन आठवा. वर ‘मा. आयुक्त, परभणी शहर महानगरपालिका’, खाली दोन पानं सह्या, मधे एकच मागणी: गल्लीत वाहनं भरधाव जातात, सबब तातडीने गतिरोधक बसवावा. आवक विभागाचा शिक्का पडतो, पोच मिळते, फोटो निघतो. पुढं काहीच हलत नाही, तेव्हा एखाद्या रात्री पोरं मुरूम-सिमेंट आणून स्वतःच उंचवटा घालतात. सकाळी अंधारात त्यावर पहिला पडतो तो दूधवाला.

आपण औषधाचं नाव सांगतो, दुखणं सांगत नाही. दुखणं वेगाचं आहे. ताशी ५० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ चौदा मीटर जाते. पोरगं आडवं आलेलं दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत तेवढं अंतर संपलेलं असतं. वेग ३० असेल तर ते अंतर आठ मीटरवर येतं. आणि धक्क्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने पन्नासचा धक्का तीसच्या पावणेतीनपट बसतो.

आता कायदा काय म्हणतो? एप्रिल २०१८च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे शहराच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ६० किलोमीटरची कमाल मुभा आहे. म्हणजे नानलपेठेतल्या बोळातून साठने गाडी हाणणाऱ्याला बेदरकारपणाबद्दल धरता येईल, वेगमर्यादा मोडली म्हणून नाही! मात्र मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ प्रमाणे राज्य सरकार, किंवा त्याने अधिकार दिलेली यंत्रणा, सार्वजनिक सुरक्षिततेसाठी एखाद्या भागातली मर्यादा खाली आणू शकते. ती आणली की कलम ११६ प्रमाणे तसा फलक लावावा लागतो. लाल कडेच्या गोलात ‘३०’ लिहिलेला तो फलक हुकूम असतो. आपण दारात टांगतो ती ‘सावकाश, मुलं खेळत आहेत’ ही पाटी ही विनंती, आणि आपल्याकडे विनंतीला कोण विचारतो! त्यातही सरकारी फलकावर वाढदिवसाचा फ्लेक्स बांधणारे आपणच असतो.

दुसरी गोष्ट, रस्ता कोणाचा? वसमत रस्ता हा आपल्या लेखी गावातला रस्ता. कागदावर तो कल्याणहून पाथरी, मानवत, परभणी, नांदेड करत निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ आहे. त्यावरच्या काळ्या कमानीपाशी गतिरोधक हवा म्हणून महापालिकेत खेटे घालून काय उपयोग? शिवाय राष्ट्रीय महामार्गांवरचे गतिरोधक काढून टाका, असं केंद्रीय रस्ते मंत्रालयानंच २०१६ साली सांगितलंय. तिथं मागायचं ते वेगळं: दुभाजकात थांबायला जागा, रंगवलेलं झेब्रा क्रॉसिंग, दिवा, आणि गल्लीतून महामार्गावर येणाऱ्या तोंडाशी गतिरोधक. अर्ज द्यायचा तो जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० नोव्हेंबर २०१७च्या आदेशानंतर प्रत्येक जिल्ह्याला अशी समिती असणं बंधनकारक आहे. महापालिका, बांधकाम विभाग, पोलीस आणि परिवहन विभाग तिथं एका टेबलाशी बसतात, त्यामुळं ‘आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर देणं जरा जड जातं.

आणि गल्लीत गतिरोधक हवाच असेल तर कसा? इंग्लंडमध्ये वॉट्स नावाच्या संशोधकाने १९७३ साली जो आकार मांडला, तोच इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८च्या मार्गदर्शिकेत घेतला: रुंदी ३.७ मीटर, मधली उंची १० सेंटिमीटर, तीही गोलाईने चढत-उतरत. ताशी २५च्या आसपास गेलात तर गाडी अलगद पार होते. जोरात गेलात तर चालकालाच समजतं. आपल्याकडचा गतिरोधक हातभर रुंद आणि काटकोनात उभा. त्यावर भरधाव मोटारसायकलवाल्याला फार काही होत नाही, तो कडेच्या फटीतून निसटतो. आदळते ती रिक्षातली गरोदर बाई. कारखान्याकडे निघालेली उसाची ट्रॉली तिथं कलंडते. पावसाळ्यात वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालची काळी माती फुगून डांबर उचलते. म्हणून दोन्ही टोकांशी पाणी जायला वाट ठेवावी लागते. ती ठेवलेली मी क्वचितच पाहिली आहे.

शिवाय गतिरोधकाच्या अलीकडे ४० मीटरवर त्रिकोणी सूचनाफलक आणि उंचवट्यावर रंगाचे पट्टे हवेत. हे दोन्ही नसलेला गतिरोधक म्हणजे सरकारी खर्चाने केलेला अपघात. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९८अ इथं लागू होतं: रस्त्याच्या रचनेत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेले मापदंड पाळले नाहीत आणि त्यापायी कोणी मेला वा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. रक्कम फार नाही, पण निवेदनात कलमाचा आकडा आला की फाईल वेगळ्या नजरेनं वाचली जाते.

एक गंमत सांगतो. गतिरोधक सगळ्यांना हवा असतो, फक्त तो शेजाऱ्याच्या दारासमोर. रात्रभर आदळणाऱ्या गाड्यांचा आवाज कोणाला हवाय? म्हणून सह्या गोळा करण्याआधी जागेबद्दल गल्लीतच बोलून घ्या. शाळा सुटताना अर्धा तास उभं राहून कोणती वाहनं कुठून वेग घेतात ते टिपा. बहुतेकदा वळणाचा कोपरा अतिक्रमणाने आंधळा झालेला असतो. तो मोकळा केला तर उंचवट्याची गरजही उरत नाही.

आणि निवेदनात एक ओळ जास्त घाला. पट्ट्यांचा रंग टिकत नाही, पाऊस आणि टायर तो खाऊन टाकतात. तेव्हा दरवर्षी दिवाळीपूर्वी, उसाच्या गाड्या रस्त्यावर यायच्या आत पट्टे पुन्हा रंगवावेत आणि त्याची तारीख फाईलवर नोंदवावी, असं लेखी मागा.