हिरोसाकी : विहारांचे आणि सफरचंदांचे शहर

(वर्धापनदिनी विहारात दिलेले व्याख्यान)



जपान म्हटलं की आपल्याला टोकियो आठवतं, नाहीतर बुलेट ट्रेन. पण देश कळतो तो मधल्या आकाराच्या गावांतून. म्हणून आज मी हिरोसाकीविषयी बोलणार आहे. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे. तिथे १६२५ मीटर उंचीच्या इवाकी पर्वताजवळ हे शहर वसलेलं आहे. हिवाळ्यात तिथे भरपूर बर्फ पडतो.

त्सुगारू घराण्याने १६११ साली इथे किल्ला बांधला. किल्ल्याजवळच एका वस्तीत झेन परंपरेतल्या सोतो पंथाचे ३३ विहार आहेत. शहरातच साइशोइन नावाच्या विहारात पाच मजली लाकडी पॅगोडा आहे. तो १६६७ साली पूर्ण झाला, उंची सुमारे ३१ मीटर. हा पॅगोडा कशासाठी, तर त्सुगारू घराण्याच्या लढायांत मेलेल्यांच्या स्मरणार्थ. आणि बंधूंनो, त्यात आपल्या बाजूचेही आले आणि शत्रूचेही आले!

१८७१ साली जपानमधली संस्थानं बरखास्त झाली. जन्माने सामुराई म्हणून ज्यांचं पिढ्यानपिढ्या पोट भरत होतं, त्यांचं ते हक्काचं उत्पन्न पुढे काही वर्षांत बंद झालं. आता करायचं काय? १८७५ साली सरकारकडून सफरचंदाची रोपं आली. किकुची ताते नावाच्या एका माजी सामुराईने ती लावली, कलम आणि छाटणी शिकून घेतली आणि इतरांनाही शिकवली. तलवार धरणाऱ्या हातांनी कात्री धरली. आज जपानमधली निम्म्याहून जास्त सफरचंदं आओमोरीत पिकतात आणि त्यात हिरोसाकी आघाडीवर आहे. आपल्या बाजारात 'फुजी' सफरचंद मिळतं ना? ते पिकलेलं कुठलंही असो, त्या जातीचा जन्म हिरोसाकीशेजारच्या फुजिसाकी गावातला. १९३९ साली संकर झाला, नाव पडलं १९६२ साली.

ह्याच किकुचींनी १८८२ साली किल्ल्यात चेरीची हजार रोपं लावली. काही जुन्या सामुराईंना राग आला. किल्ला काय फुलं बघत बसायची जागा आहे का, म्हणून त्यांनी रोपं उपटली. पण लावणारे थांबले नाहीत. आज तिथे सुमारे २६०० झाडं आहेत. चेरीची फांदी कापू नये, असं जपानमध्ये मानतात. हिरोसाकीच्या माळ्यांनी मात्र सफरचंदाची छाटणी चेरीला लावून पाहिली आणि म्हातारी झाडं पुन्हा बहरली. शंभरी ओलांडलेली तीनशेहून अधिक झाडं तिथे आजही फुलतात.

संकटंही आली. सप्टेंबर १९९१ च्या वादळाने आओमोरीत काढणीला आलेली सफरचंदं जमिनीवर लोळवली. जपानी भाषेत 'पडणं' म्हणजे नापास होणंही. तेव्हा झाडावर टिकलेली फळं 'न पडलेलं सफरचंद' म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलांना विकली गेली. नुकसान भरून निघालं असं नाही, पण माणसं हातावर हात ठेवून बसली नाहीत.

आजची चिंता वेगळी आहे. २०१० साली शहराची लोकसंख्या १ लाख ८३ हजार होती, २०२० साली ती सुमारे १ लाख ६८ हजारांवर आली. मुलं मोठ्या शहरांकडे जातात. बागा आहेत, पण पुढे कात्री धरणार कोण?

बंधू-भगिनींनो, किल्ला राजाने बांधला, पण शहर जगवलं ते शिकलेलं काम दुसऱ्याला शिकवणाऱ्यांनी. आपल्यापाशी जे कसब असेल, ते पोरांच्या हाती वेळीच द्यावं, एवढंच सांगतो आणि थांबतो. जयभीम.